हळदीचे औषध आणि पॉलिमरच्या साखळीची लांबी

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगली व सातारा जिल्ह्यांत पिकणाऱ्या हळदीचा पिवळा रंग कुर्क्युमिन या द्रव्यामुळे येतो. त्याच्या औषधी उपयोगाचा अभ्यास जगभर चालू आहे. मात्र कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे पोटात घेतल्यास त्याचा अत्यल्प अंशच रक्तात पोहोचतो. यावर अभ्यासला जाणारा एक उपाय म्हणजे पॉलिमरचे मायसेल.

साबणाच्या रेणूप्रमाणेच या पॉलिमरच्या साखळीचा एक भाग जलस्नेही, तर दुसरा जलविरोधी असतो. द्रावणातील प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की अनेक साखळ्या एकत्र येऊन सूक्ष्म गोळा तयार होतो. हाच मायसेल. जलविरोधी भाग गाभ्यात राहतात आणि कुर्क्युमिन तेथेच सामावते. या मर्यादेस क्रांतिक मायसेल संहती म्हणतात. जलविरोधी भाग लांब असेल, तर ती खाली येते. पोलोक्झामर १८८ मध्ये या भागात सुमारे २७ घटक असतात, पोलोक्झामर ४०७ मध्ये सुमारे ५६. साहजिकच दुसऱ्याचे मायसेल कितीतरी कमी प्रमाणात तयार होतात.

वेगाचे गणित मात्र निराळे आहे. साबणासारख्या लहान रेणूंची मायसेलमधील ये-जा मायक्रोसेकंदांत चालते. संपूर्ण मायसेल घडण्या-मोडण्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. या दोन टप्प्यांचा सिद्धांत आनियान्सन व वॉल यांनी १९७४ मध्ये मांडला. पॉलिमरची लांब साखळी गाभ्यातून बाहेर पडताना तिचा जलविरोधी भाग पाण्याच्या संपर्कात येतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा लांबीबरोबर वाढते आणि वेग घातांकी प्रमाणात घटतो. जलस्नेही भाग लांब असल्यास बाहेरील आवरण दाट होऊन नव्या साखळीचा प्रवेशही अवघड होतो. परिणामी साखळ्यांचे सुरुवातीचे एकत्रीकरण झटपट झाले, तरी समतोल साधण्यास तास किंवा दिवसही लागू शकतात. म्हणूनच द्रावण ढवळण्याचा वेग व तापमान यांचा परिणाम मायसेलच्या आकारावर टिकून राहतो.

औषधनिर्मितीत याला मोठे महत्त्व आहे. रक्तात मिसळताच द्रावण विरळ होते. आखूड साखळ्यांचे मायसेल अशा वेळी लवकर विस्कटतात व कुर्क्युमिन वाटेतच सुटते. फार लांब साखळ्यांचे मायसेल टिकतात. परंतु ते एकसारखे बनवणे कठीण असते व औषध हवे तेव्हा मोकळे होईलच असे नाही. या दोहोंमधील योग्य लांबी निवडणे, हेच संशोधकांपुढील मुख्य काम आहे.