मनोरुग्णालयोत्तर स्वायत्तता
मनोरुग्णालयातील उपचार संपल्यावर व्यक्तीने निवास, औषधोपचार, पैसा आणि नातेसंबंध यांविषयीचे निर्णय स्वतः घेणे व त्यासाठी तिला आवश्यक तेवढा आधार मिळणे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे महाराष्ट्र शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथील काही रुग्ण बरे होऊनही, घरचे न्यायला न आल्याने, वर्षानुवर्षे तिथेच राहतात.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. कलम ५ नुसार प्रौढ व्यक्ती आपल्यावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवू शकते. कलम १४ नुसार ती स्वतःचा प्रतिनिधी नेमू शकते. कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देते. कुटुंबाने सोडून दिले वा घर नाही, एवढ्यावरून कोणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. घरी सोडताना पुढील उपचारांची आखणी रुग्णाशी बोलूनच करावी, असे कलम ९८ सांगते.

चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेचा ‘होम अगेन’ हा उपक्रम रत्नागिरीतही राबवला गेला. त्यात रुग्णालयातून बाहेर पडलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीतील घरात एकत्र राहतात. बाजारातून कोणती मासळी आणायची, स्वयंपाक कोणी करायचा, दार केव्हा लावायचे, हे त्याच ठरवतात. साहाय्यक कार्यकर्ती गरजेपुरती मदत करते. दीर्घकाळ रुग्णालयाच्या घंटेवर जगलेल्या व्यक्तीची निर्णयक्षमता अशा रोजच्या निवडींतून परत येते. नियमित औषधे, बँक खाते, ओळखपत्र आणि रोजगार यांवर ती क्षमता टिकून राहते.