म्हणोन आणि ऐसियास

पोस्टकार्डाच्या काळात मराठी माणूस पत्राच्या आरंभी सवयीने 'सा. न. वि. वि.' लिहीत असे. यातले 'वि. वि.' म्हणजे 'विनंती विशेष', हे पुष्कळांना ठाऊकही नसे. शिवकाळात आणि पेशवाईत मात्र 'विशेष' या शब्दाला नेमून दिलेले काम होते. क्षेमकुशल लिहून झाले, आता मजकूर सुरू होतो, ही खूण तो शब्द करी. जुन्या पत्रांवर नेहमीचा आक्षेप असा की त्यांत मायन्याचा फुलोरा फार आणि मुद्दा थोडा. 'अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य राजश्री' इथपासून सुरू होणारे पत्र पाहिले की तो आक्षेप पटतोही. पण मायन्यावरच थबकणारा वाचक त्या पत्राची खरी रचना पाहतच नाही. ठरीव शब्दांचा तो सांगाडा दोन माणसांमध्ये गैरसमज होऊ नये म्हणून उभा केलेला होता, आणि त्याचा पाया बोलण्यापेक्षा ऐकण्यावर होता, असे माझे म्हणणे आहे.

आधी लिपीची अडचण ध्यानात घ्यावी. मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, अक्षरे सोडीत जाई. शब्दांत अंतर नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, अवतरणचिन्ह तर नाहीच. अशा सलग मजकुरात दुसऱ्याचे म्हणणे कुठे संपले आणि आपले कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याला कसे कळावे? ते काम 'म्हणोन' आणि 'ऐसियास' या दोन शब्दांनी केले. समजा, एखाद्या किल्लेदाराने गडावरचा गल्ला संपत आल्याचे कळवले आहे. त्याला जाणारे उत्तर थेट हुकुमाने सुरू होत नाही. तुमचे पत्र पावले, गडावर गल्ला उरला नाही म्हणोन लिहिले, ते कळले, असे आधी येते. मग 'ऐसियास', म्हणजे असे आहे तर, आणि त्यापुढे आपला निर्णय. 'म्हणोन' हे मिटणारे अवतरणचिन्ह आणि 'ऐसियास' हा नवा परिच्छेद. किल्लेदाराला आपले पत्र पोचल्याचे कळेच, शिवाय वरिष्ठाने त्याचा अर्थ काय लावला हेही कळे. तो चुकीचा असेल तर पुढच्या जासुदाबरोबर दुरुस्त करता येई. पत्र हाती आल्याची तारीखही कारकून त्याच्यावर 'पैवस्ती' म्हणून टिपून ठेवी, त्यामुळे उत्तराला उशीर का झाला हा वाद कागदावरच मिटे.

शेवटाचीही अशीच निगा होती. मजकूर संपला की 'मोर्तब सूद' किंवा 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उठे. मर्यादा इथे संपली, यापुढे कुणी काही वाढवले असेल तर ते आमचे नव्हे, हा तिचा अर्थ. गंमत अशी की पत्रव्यवहाराबद्दल लोकांना आठवते ती आनंदीबाईच्या 'ध चा मा'ची आख्यायिका, आणि फेरफार टाळण्यासाठी घेतलेली ही काळजी मात्र विस्मरणात गेली.

यावर कुणी म्हणेल, खरे बोलणे पत्रात नसेच. 'सविस्तर मजकूर अमके मुखजबानी सांगतील' असे पत्रेच सांगतात. ते खरे आहे, पण त्यामुळे माझ्या म्हणण्याला बळच मिळते. काय लिहावे आणि काय तोंडी सांगावे याचा विवेक त्यात दिसतो. वाटेत कागद पकडला जाऊ शकतो. शिवाय विश्वासाचा माणूस समोरच्याची शंका ऐकून तिथल्या तिथे उत्तर देऊ शकतो. अशा वेळी या माणसाचे बोलणे आमचे समजावे, एवढीच हमी पत्र देई.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ही सारी पद्धत उतरंडीची होती. कोणाला 'आज्ञा', कोणाला 'विनंती', कोणाला 'आशीर्वाद' हे ठरलेले, आणि मायन्यात एक पायरी चुकली तरी मने दुखावत. खेड्यातल्या रयतेचे म्हणणे तर बहुधा कुलकर्ण्याच्या लेखणीतूनच कागदावर येई. ते किती खरे उतरले असेल याची शंका घ्यायलाच हवी. तरीही वरून खाली जाणारा प्रत्येक कागद नुसता दरडावणारा नव्हता. चिपळूणजवळच्या लष्कराला शिवाजी महाराजांच्या वतीने 1670च्या दशकात गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला उपद्रव देऊ नका, एवढा हुकूम करून ते थांबत नाही. आताच वैरण उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, निष्काळजीपणे दिवा जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल, असे एकेक परिणाम ते डोळ्यांपुढे उभे करते. हुकूम सोडायला एक ओळ पुरली असती. कारणे लिहिणारा मात्र ऐकणाऱ्याला बुद्धी आहे असे गृहीत धरतो.

शिवकाळापासून पत्रांतला फारशी शब्दांचा भरणा ओसरत गेला. राज्यव्यवहारकोश हा ते शब्द बाजूला सारण्याच्या प्रयत्नाचा भाग. तरी 'पैवस्ती' आणि 'मोर्तब सूद' हे फारशी वळणाचे शब्द पेशवाईतही टिकले. निव्वळ अलंकार असते तर तेही झडले असते. पुढे छापखाना आला, बालबोध रूढ झाली, विरामचिन्हे आली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही गेली. 'म्हणोन'चे काम अवतरणचिन्हाने घेतले, 'ऐसियास'चे परिच्छेदाने. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत लिहून मग उत्तराला हात घालायचा, हे काम मात्र कोणत्याच चिन्हाकडे गेले नाही.