मॉर्फिन, कायदा आणि अखेरची शुश्रूषा : भारतातील उपशामक सेवेची वाटचाल (१९८५ ते २०१४)

प्रस्तावना

मरणासन्न रुग्णाची सेवा हे भारतीय समाजात कुटुंबाचे कर्तव्य मानले गेले आहे. पत्नी, मुलगी किंवा सून रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी बसत असे. परंतु कर्करोगाच्या असह्य वेदनेपुढे तिची सेवाही अपुरी पडे. ही मर्यादा वैद्यकशास्त्राची होती की कायद्याची? उपशामक सेवेचा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरचा, भारतातील इतिहास या प्रश्नाच्या अनुषंगाने तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा उदय

आधुनिक हॉस्पिस चळवळीचा प्रारंभ डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. रुग्णाचे दुःख शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक असे चतुर्विध असते, हा विचार त्यांनी ‘समग्र वेदना’ या संकल्पनेतून मांडला. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवरील उपचारांची तीन पायऱ्यांची पद्धती प्रसिद्ध केली. तीव्र वेदनेसाठी मॉर्फिन, तेही शक्यतो तोंडाने व ठरावीक वेळेला द्यावे, असे तिचे सूत्र होते. तोंडाने घ्यावयाचे औषध घरातील व्यक्तीही देऊ शकते. त्यामुळे वेदनाशमन रुग्णालयाबाहेर, घराच्या उंबरठ्याच्या आत येणे शक्य झाले.

सेवेचा आरंभ व कायद्याचा अडसर

याच वर्षी, १९८६ मध्ये, डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने मुंबईतील वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याच्या शाखा निघाल्या. तथापि, आदल्याच वर्षी गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ संमत झाला होता. अमली पदार्थांच्या व्यापारास आळा घालणे हा त्याचा हेतू रास्तच होता. परंतु अनेक राज्यांत मॉर्फिनसाठी निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने घ्यावे लागत, आणि कठोर शिक्षेच्या धास्तीने औषध विक्रेते व रुग्णालये मॉर्फिन ठेवण्याचेच टाळू लागली. परिणामी १९९७ मध्ये संपूर्ण देशातील मॉर्फिनचा वापर अवघ्या १८ किलोग्रॅमपर्यंत घसरला. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवानाधारक शेतकरी अफू पिकवीत होते, ती औषधनिर्मितीसाठी निर्यातही होत होती. मात्र देशातील रुग्णास तिचा लाभ मिळत नव्हता.

कुटुंबाकडे वळलेली सेवा

१९९३ मध्ये कोझिकोडे येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ स्थापन केली. तेथून प्रशिक्षित स्वयंसेवक, परिचारिका व डॉक्टर यांनी रुग्णाच्या घरी जाण्याची पद्धत केरळमध्ये रूढ झाली. २००८ मध्ये केरळ शासनाने उपशामक सेवेचे धोरण जाहीर करून स्थानिक स्वराज्य संस्थांना तीत सामावून घेतले. महाराष्ट्रात १९९७ मध्ये पुणे येथे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर सुरू झाले. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या व्याख्येत रुग्णासोबत त्याच्या कुटुंबाचा, तसेच मृत्यूनंतरच्या शोककाळातील आधाराचाही समावेश झाला. सेवा करणाऱ्यासही सेवेची गरज असते, ही गोष्ट अशा रीतीने मान्य झाली.

१९९८ पासून केंद्र शासन राज्यांना नियम सुलभ करण्यास सुचवीत होते. परंतु प्रतिसाद असमान राहिला. अखेर २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकसमान नियमांचा मार्ग मोकळा झाला आणि वैद्यकीय उपयोगासाठी उपलब्धता हाही कायद्याचा उद्देश ठरला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वेदनाशमनाचे ज्ञान, औषध व सेवाभाव या तिन्ही गोष्टी १९८६ मध्येच उपलब्ध होत्या. त्यांना जोडणारी कायदेशीर तरतूद मात्र २८ वर्षांनी आली. या विलंबाचा भार रुग्णाइतकाच त्याच्या उशाशी बसणाऱ्यांनी सोसला. त्यांची वेदना कोणत्याही दप्तरात नोंदली गेली नाही. कुटुंबाला धीर देणे व रुग्णास औषध मिळवून देणे ही दोन वेगळी कार्ये नाहीत, हाच या इतिहासाचा बोध होय.