जुने विमान-इंजिन : मोल आणि मोजदाद

जाफराबादच्या परिसरात केळणा नदीचे नाव निघाले की असईची लढाई आठवतेच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी ती झाली. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांचा तळ भोकरदनपासून जाफराबादच्या बाजूपर्यंत पसरला होता. शिंद्यांच्या तोफांनी असा काही मारा केला, की वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल आणि माणसे जागच्या जागी पडली. तोफा शाबूत होत्या, दारूगोळाही होता. पण त्यांतल्या अनेक तोफा पुढे नेणार कोण? त्या मागे ठेवून पायदळाला संगिनी रोखून चाल करावी लागली. लढाईचा निकाल पुढे काय लागला, ते आपण जाणताच. आजच्या विषयापुरते एवढेच ध्यानात ठेवू, की तोफ म्हणजे नुसती नळी नव्हे. बैल, जू, गाडा, गोलंदाज हे सारे मिळून तोफ होते.

विमानाच्या इंजिनाचेही तसेच आहे. आज आपण हलक्या विमानाच्या जुन्या, वापरलेल्या इंजिनाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्हाला विमान कुठे घ्यायचंय? खरे आहे. पण जुने यंत्र पारखून कसे घ्यावे, याची शिस्त विमानवाल्यांनी जितकी काटेकोर केली, तितकी दुसऱ्या कोणी क्वचितच केली असेल. कारण उघड आहे. शेतातले इंजिन बंद पडले तर पाणी थांबते. हवेतले बंद पडले तर बांधावर थांबून मिस्त्रीला बोलावता येत नाही.

हलक्या विमानांच्या इतिहासात जुन्या इंजिनांचा वाटा मोठा आहे. १९१८ साली पहिले महायुद्ध संपले, तेव्हा इंग्लंडमध्ये लढाईसाठी केलेली विमाने आणि इंजिने ढिगांनी पडून होती. ती विकण्यासाठी एक कंपनीच निघाली. त्या मालात रेनॉ जातीची आठ सिलिंडरची इंजिने होती. चार सिलिंडर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची मांडणी. फ्रँक हाल्फर्ड नावाच्या अभियंत्याने त्यांतली एकच बाजू घेतली, तिच्यासाठी नवे क्रँककेस केले आणि चार सिलिंडरचे, साधारण ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन उभे केले. ते ज्या विमानावर बसवले ते ‘मॉथ’ २२ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम उडाले. सामान्य माणसाला शिकता येईल असे ते स्वस्त विमान होते. पुढे जुन्या मालाचा साठा आटू लागला, तेव्हा ‘जिप्सी’ हे नवे इंजिन करावे लागले. म्हणजे जगभरच्या फ्लाइंग क्लबांना ज्या विमानाने उडायला शिकवले, त्याचे पहिले काळीज जुन्या बाजारातल्या सुट्या भागांतून जुळवलेले होते.

हेच मॉथ विमान १९२८ च्या सुमारास आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतही आले. मुंबईच्या क्लबात जे. आर. डी. टाटा शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. १९२९ साली आगाखानांनी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामधले अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या हिंदी वैमानिकासाठी बक्षीस लावले. १९३० साली टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर हा तरुण इंग्लंडहून उलट दिशेने निघाला. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान तिथेच अडकून पडले होते. काय मोडले होते? पंख नव्हे, पंखाही नव्हे. इंजिनाचे प्लग निकामी झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी पुढे गेला आणि थोड्याशा फरकाने बक्षीसही त्यालाच मिळाले. हेच अस्पी इंजिनियर १९६० ते १९६४ या काळात आपल्या हवाई दलाचे प्रमुख होते. मुठीत मावणारा एक जिन्नस नसला, की सबंध विमान जमिनीला खिळते, ते असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तोच प्रकार झाला. जाफराबाद तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानात १९४५ साली स्थापन झालेल्या डेक्कन एअरवेजने युद्धातून उरलेली डकोटा विमाने प्रवाशांसाठी चालवली. तिकडे कानपूरला परकीय सैन्याने निकामी करून टाकून दिलेली लिबरेटर बाँबफेकी विमाने उभी होती. १९४८ च्या सुमारास हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतली चाळीसएक विमाने उडण्याजोगी करून बंगळूरला नेली. काय आहे, काय नाही, काय वापरता येईल, ही मोजदाद चोख केल्यावाचून हे काम होणारे नव्हते.

बरे, आज कोणी हलक्या विमानाचे जुने इंजिन घ्यायचे म्हटले, तर काय पाहतो? जालन्याच्या बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, खांदा पाहतो. इंजिनाचे दात म्हणजे त्याचे लॉगबुक. इंजिन एकूण किती तास चालले, ओव्हरहॉल कधी झाले, त्यानंतर किती तास झाले, हे सगळे त्यात लिहिलेले असते. लायकमिंग कंपनीच्या अनेक हलक्या इंजिनांना दोन हजार तास किंवा बारा वर्षे, यांतले जे आधी भरेल तेव्हा ओव्हरहॉल करावे, असे कंपनी सांगते. वहीतला क्रमांक आणि इंजिनावरच्या पट्टीचा क्रमांक जुळला पाहिजे.

मग चाल. प्रत्येक सिलिंडरमध्ये ठराविक दाबाची हवा सोडून ती किती टिकते, हे मोजतात. हवा कुठून निसटते, त्यावरून व्हॉल्व्ह झिजला की रिंगा, ते कळते. पंखा कधी जमिनीला किंवा कशाला आपटला होता काय, हे आवर्जून विचारतात. कारण त्या हिसक्याने क्रँकशाफ्टला वरून न दिसणारी चीर पडू शकते. कमी तास चालले म्हणजे चांगलेच, असेही नाही. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या इंजिनात तेल निथळून जाते आणि आत गंज चढतो.

शेवटी मोजदाद. कार्बुरेटर आहे का? मॅग्नेटो दोन्ही आहेत का? विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना ठिणगी देणारे दोन वेगळे मॅग्नेटो असतात, ते एक बिघडला तर दुसऱ्याने निभावावे म्हणून. स्टार्टर, जनरेटर, पेट्रोलचा पंप, एक्झॉस्टचे पाइप, सिलिंडरभोवती वारा वळवणारे पत्रे हे सगळे सौद्यात आहे, की विकणाऱ्याने काढून ठेवले आहे? पंखा बहुधा निराळाच विकतात. शिवाय भाग हाती आला तरी त्याचे प्रमाणपत्र नसेल, तर तो विमानावर बसवता येत नाही. स्वस्त म्हणून घेतलेले इंजिन अशा उणिवा भरता भरता नव्यापेक्षा महाग पडते.

गावात जुने डिझेल इंजिन किंवा पंप घेताना हीच रीत धरायला काय हरकत आहे? काय मिळणार त्याची यादी आधी कागदावर करावी, विकणाऱ्याची सही घ्यावी, इंजिन थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगावे आणि पैसे मग मोजावे. शिक्षकांनी वर्गात एखाद्या सायकलीच्या भागांची यादी मुलांकडून करून घ्यावी. कोणता भाग नसला तर काय अडेल, हे त्यांनाच शोधू द्यावे. अशी सवय लागलेला मुलगा उद्या बापाबरोबर बाजारात गेला, तर इंजिनाचा रंग पाहून भुलणार नाही; आधी यादी मागेल.