न्यायाधीशाचे आभार मानणारी स्त्री : बार्बरा लोडन आणि ‘वॉन्डा’

बँकेवरील दरोड्यात साथ दिल्याबद्दल एका अमेरिकन स्त्रीला वीस वर्षांची शिक्षा झाली आणि शिक्षा ऐकल्यावर तिने न्यायाधीशाचे आभार मानले. १९६० च्या सुमारास वर्तमानपत्रात आलेली ही बातमी बार्बरा लोडन या अभिनेत्रीने वाचली. स्वातंत्र्य हिरावले गेल्याबद्दल आभार मानावेत, असे या बाईचे आयुष्य तरी काय असेल, हा प्रश्न तिने जवळजवळ दहा वर्षे मनात बाळगला. त्यातून ‘वॉन्डा’ (१९७०) हा चित्रपट निर्माण झाला. लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका या तिन्ही बाजू तिनेच सांभाळल्या. तिने दिग्दर्शित केलेला हा एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट.

लोडनचा जन्म १९३२ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे ती आजीआजोबांकडे वाढली. कोवळ्या वयातच ती न्यूयॉर्कला आली. तेथे तिने मॉडेलचे काम केले, रात्रीच्या क्लबात नृत्य केले आणि हळूहळू रंगभूमीकडे वळली. इलिया कझान या विख्यात दिग्दर्शकाच्या ‘वाइल्ड रिव्हर’ (१९६०) व ‘स्प्लेंडर इन द ग्रास’ (१९६१) या चित्रपटांत तिला भूमिका मिळाल्या. १९६४ मध्ये आर्थर मिलरचे ‘आफ्टर द फॉल’ हे नाटक कझानने रंगभूमीवर आणले. त्यातील मॅगी ही व्यक्तिरेखा मिलरची पूर्वपत्नी मेरिलिन मन्रो हिच्यावर बेतलेली आहे, असे सर्वत्र मानले गेले. ही भूमिका लोडनने केली आणि तिला टोनी पुरस्कार मिळाला. पुढे तिचा कझानशी विवाह झाला.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. लोडनला कीर्ती मिळाली ती एका नाटककाराने आपल्या पत्नीच्या आठवणींतून घडवलेल्या पात्रामुळे. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६७ मध्ये, कझानची ‘द अरेंजमेंट’ ही कादंबरी आली. तिच्यातील प्रेयसीच्या पात्रामागे स्वतः लोडन आहे, असा समज रूढ झाला. १९६९ साली कझाननेच या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा ती भूमिका मात्र फे डनवे हिला देण्यात आली. म्हणजे आधी दुसऱ्या स्त्रीची प्रतिमा साकारायची आणि नंतर आपलीच प्रतिमा दुसरीने साकारलेली पाहायची, असा हा प्रकार. त्यानंतरच्याच वर्षी पडद्यावर आलेल्या ‘वॉन्डा’कडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

चित्रपटाची नायिका पेन्सिल्व्हेनियातील कोळसा खाणींच्या प्रदेशात राहते. बहिणीच्या घरातील कोचावर ती झोपते. घटस्फोटाच्या सुनावणीला ती केसांना कर्लर लावलेल्या अवस्थेत, तेही उशिरा पोहोचते. मुले नवऱ्याकडेच बरी राहतील, असे कोणताही आव न आणता सांगते. शिवणकामाच्या कारखान्यात काम संथ म्हणून तिला पुन्हा घेत नाहीत. चित्रपटगृहात झोप लागते आणि पैसे चोरीला जातात. मग एका बारमध्ये ती डेनिस नावाच्या चोराला मालक समजते आणि त्याच्यामागून निघते. तो तिला मारतो, तिच्या कपड्यांवरून टोमणे मारतो आणि शेवटी बँकेच्या दरोड्यात ओढतो. ऐन वेळी ती रस्ता चुकते, तो पोलिसांच्या गोळीला बळी पडतो. अखेरीस ती अनोळखी माणसांच्या घोळक्यात गप्प बसलेली दिसते. ज्या बातमीतून हे कथानक सुचले, तिच्यातील न्यायालय व शिक्षा लोडनने गाळून टाकली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिच्या नायिकेला तुरुंगाचा निश्चित आसराही मिळत नाही.

‘बॉनी अँड क्लाइड’ला (१९६७) तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्या चित्रपटाने दरोडेखोर जोडप्याला जे तेजोवलय दिले, त्याचा येथे मागमूस नाही. निर्मितीची रीतही तशीच साधी होती. सोळा मिलिमीटरची फिल्म, अवघ्या चार माणसांचे पथक, छायाचित्रण व संकलन निकोलस प्रोफेरेस याचे. मायकेल हिगिन्ससारखा एखादा व्यावसायिक नट वगळता बहुतेक पात्रे त्या त्या ठिकाणच्या सामान्य माणसांनी केली.

१९७० च्या व्हेनिस महोत्सवात चित्रपट गौरवला गेला. मायदेशात मात्र तो फारच थोड्या पडद्यांवर लागला. स्त्रीवादी चळवळीतील काहींनाही ही निष्क्रिय नायिका रुचली नाही. तो काळ उठून उभ्या राहणाऱ्या नायिकांची वाट पाहत होता. हा आक्षेप समजण्यासारखा आहे, तरी मला तो अपुरा वाटतो. बंडाची भाषा अवगत होण्यासाठीही काही किमान सामग्री लागते : थोडे शिक्षण, थोडा पैसा, कोणीतरी ऐकणारे. जिच्याजवळ यातले काहीच नाही, तिच्या तोंडी बंड घालणे सोपे होते. लोडनने ते टाळले. वॉन्डाचे मौन हा लेखिकेचा पराभव नसून तिचे निरीक्षण आहे.

पुढील दहा वर्षांत तिने रंगभूमीवर काम केले, अभिनय शिकवला, १९७५ मध्ये दोन शैक्षणिक लघुपट केले. केट शोपँच्या ‘द अवेकनिंग’ (१८९९) या कादंबरीवर चित्रपट करण्याची तिची तयारी चालू होती. संसाराची चौकट सोडू पाहणाऱ्या स्त्रीची ती कथा स्वतःही कित्येक दशके विस्मृतीत पडली होती. परंतु १९८० मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लोडनचे कर्करोगाने निधन झाले.

तिचे पुनरागमन प्रथम फ्रान्समध्ये झाले. मार्गरीत द्युरास हिने कझानशी झालेल्या संभाषणात ‘वॉन्डा’ची मनःपूर्वक प्रशंसा केली, अभिनेत्री इझाबेल युपेर हिने तो फ्रान्समध्ये पुन्हा प्रदर्शित व्हावा म्हणून पुढाकार घेतला, २०१२ मध्ये नाताली लेजे हिने लोडनवर एक आगळे पुस्तक लिहिले. २०१० मध्ये चित्रपटाची प्रत नव्याने सिद्ध झाली आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

आज कझानच्या चरित्रात लोडनचा उल्लेख पत्नी म्हणून येतो, तर ‘वॉन्डा’च्या अभ्यासात कझान हा दिग्दर्शिकेचा पती म्हणून येतो. वाङ्मयेतिहास शिकवताना आपण कृतींची संख्या मोजतो, कालखंड आखतो आणि प्रवाहांत न बसणाऱ्यांना ‘इतर’ या मथळ्याखाली ठेवतो. एकाच कृतीवर उभ्या असलेल्या अशा कर्तृत्वासाठी आपल्या त्या आखणीत जागा कोठे आहे, हे तपासून पाहायला हवे.