घराकडे आणि घरासकट : छोट्या ट्रेलरचा सणासुदीचा प्रवास

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाशी जोडली गेलेली सर्वांत परिचित कविता ही मुळात प्रवासाची कविता आहे. लिडिया मरिया चाइल्ड या लेखिकेची ही बालकविता १८४४ साली प्रसिद्ध झाली. बर्फावरून घसरत जाणारी घोड्याची गाडी, वाटेतली नदी, रान आणि वाटेच्या शेवटी आजोबांचे घर, एवढाच तिचा विषय. पुढे १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार या सणासाठी जाहीर केला. १९३९ मध्ये रूझवेल्ट यांनी तो आठवडाभर अलीकडे आणला, कारण नाताळच्या खरेदीचा हंगाम लांबावा अशी व्यापाऱ्यांची इच्छा होती. त्यावर बराच वाद झाला आणि १९४१ मध्ये काँग्रेसने चौथा गुरुवार कायम केला. थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतच्या सणासुदीच्या हंगामाला आज जे रूप आहे, त्यात ही तिन्ही सूत्रे दिसतात : घराची ओढ, राष्ट्राचा आदेश आणि बाजाराची सोय. त्यातली घराची ओढ सर्वांत जुनी. तीत प्रवास हे साधन असते आणि घर हे साध्य.

या रचनेत बसत नाही असा एक छोटासा वर्ग गेल्या शतकात अमेरिकेत तयार झाला. सणाच्या दिवसांत तो घराकडे जात नाही, तर घरासकट निघतो. मोटारीमागे जोडलेल्या लहानशा ट्रेलरमध्ये अंथरूण, चूल आणि सणाचे सामान घालून ही माणसे वाळवंटात किंवा समुद्रकाठी मुक्काम ठोकतात आणि तेथेच आपले सण साजरे करतात. हौस म्हणून याकडे पाहिले तर विषय तेवढ्यावर संपतो. परंतु या हौसेचा इतिहास पाहू लागलो की एक अडचणीचा प्रश्न समोर येतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण कधी थट्टेने वापरतो, कधी कीव करून. पाठीवरच्या बिऱ्हाडाला सुटीतली मौज केव्हा म्हणायचे आणि बेघरपण केव्हा? आणि हे ठरवते कोण?

प्रथम ती वस्तू पाहू. छोट्या ट्रेलरांमध्ये सर्वांत लाडका प्रकार ‘टिअरड्रॉप’ या नावाने ओळखला जातो. पुढून गोलसर, मागे निमुळता होत जाणारा, बाजूने पाहिल्यास अश्रूच्या थेंबासारखा दिसणारा हा डबा १९३० च्या दशकात प्रचारात आला. घरच्या घरी बनवण्याचे त्याचे आराखडे कारागिरीच्या मासिकांतून छापून येत. त्याचे नेहमीचे माप चार फूट रुंद, आठ फूट लांब आणि सुमारे चार फूट उंच असे असते. प्लायवुडच्या अख्ख्या फळीचे मापही चार बाय आठ हेच आहे. घराचे क्षेत्रफळ वखारीतल्या फळीने ठरवावे, इतका हा हिशेब साधा आहे. आत केवळ दोघांपुरते अंथरूण असते, उभे राहता येत नाही. मागची झडप वर उचलली की तिच्या आडोशाला स्वयंपाकघर उघडते. म्हणजे झोपण्याची जागा बंदिस्त आणि चूल मात्र बाहेर, सर्वांच्या नजरेसमोर. या एका वैशिष्ट्यातून पुढच्या बऱ्याच परंपरा निघाल्या आहेत.

हौसेसाठी फिरते घर ही कल्पना मात्र मोटारीपेक्षा जुनी आणि इंग्लंडमधली आहे. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेले शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे स्कॉटिश लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टॉल येथील कारखान्यात ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी बांधून घेतली. तिच्यातून केलेल्या तेराशे मैलांच्या भटकंतीवरचे त्यांचे पुस्तक १८८६ मध्ये निघाले. सोबत गाडीवान होता आणि सेवकही होता. १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला. केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) मध्ये बेडूकरावांची पिवळी गाडी येते आणि मोटारीच्या धक्क्याने घोडा बुजून ती खड्ड्यात जाते. पुढच्याच वर्षी एलिझाबेथ फॉन आर्निम यांनी ‘द कॅरव्हॅनर्स’ या कादंबरीत अशाच सुटीवर निघालेल्या एका आत्मतुष्ट जर्मन सरंजामदाराची त्याच्याच तोंडून फजिती करवली. दोन वर्षांत दोन पुस्तकांनी थट्टा करावी, इतकी ही हौस तोवर सुस्थित वर्गात रुळली होती.

तथापि हे सभ्य गृहस्थ ज्यांचे अनुकरण करत होते, त्या रोमानी लोकांचे काय? त्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे. तीत घराला ‘खेर’, विस्तवाला ‘याग’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हणतात. मुक्काम टाकायला लागणारे हे तीन शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटावेत, याला भाषेच्या इतिहासाचाच आधार आहे. स्टेबल्स यांच्या गाडीचे कौतुक चालू होते, त्याच दशकात जॉर्ज स्मिथ नावाचे समाजसुधारक फिरत्या घरांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी व्हावी म्हणून संसदेत विधेयक आणण्याची खटपट करत होते. फिरत्या जत्रांतल्या खेळवाल्यांनी संघटित होऊन त्याला विरोध केला आणि ते विधेयक कधीच संमत झाले नाही. पण दोन्ही घटना एकत्र ठेवून वाचल्या पाहिजेत. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीचे पुस्तक निघते आणि दुसरीवर कायदा करावासा वाटतो.

अमेरिकेत मोटार स्वस्त झाली आणि ही हौस खालच्या मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. १९१९ मध्ये फ्लॉरिडातील टँपा येथे, डी सोटो पार्कच्या तळावर, ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ या मंडळींची संघटना झाली. उत्तरेकडच्या थंडीतून निघून हिवाळा दक्षिणेत काढणारी ही माणसे. डबाबंद अन्नावर राहणारे, हॉटेलांना गिऱ्हाईक न होणारे अशी त्यांची हेटाळणी होई. त्यांनी तो डबाच रेडिएटरच्या झाकणावर डाखून आपले बोधचिन्ह केले. टोपणनाव अभिमानाने मिरवण्याची ही रीत साहित्याच्या अभ्यासकांना नवी नाही. पुढे डेट्रॉइटचे आर्थर शर्मन यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी घडवलेला ट्रेलर १९३० च्या सुमारास विक्रीस आणला तेव्हा त्याचे नाव ठेवले ‘कव्हर्ड वॅगन’. पश्चिमेकडे वसाहतीला निघालेल्या पूर्वजांच्या छपराच्या गाड्यांची ती आठवण होती. सुटीवर जाणाऱ्याला एक शूर वंशावळ मिळाली. याच दशकात अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन यांनी वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल असे भाकीत केले.

ते भाकीत खरे ठरले नाही, परंतु मंदीने त्याची विकृत आवृत्ती दाखवली. दुष्काळ आणि कर्ज यांनी जमीन सोडायला लावलेली कुटुंबे जुन्या मोटारींवर संसार लादून कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ (१९३९) मधील जोड कुटुंब जुनी हडसन मोटार कापून तिचा ट्रक करते आणि त्यावर घर चढवते. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांच्या गावी आलेल्या कामगारांना राहायला सरकारने हजारो ट्रेलर घेतले. ‘ट्रेलरमध्ये राहणारा’ या शब्दांना तेव्हापासून जी तुच्छतेची छटा आली, ती अजून गेलेली नाही.

शिवाय ट्रेलर असला तरी रस्ता सर्वांसाठी सारखा नव्हता. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोठे जेवण आणि आसरा मिळेल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ ही मार्गदर्शिका न्यूयॉर्कच्या हार्लेममधील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ मध्ये काढली आणि ती १९६० च्या दशकापर्यंत निघत राहिली. व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ मध्ये ल्युइस माउंटन हा तळ केवळ कृष्णवर्णीयांसाठी म्हणून उघडण्यात आला. हा भेद १९५० पर्यंत मिटला. आपले घर आपल्यामागे असूनही ते उभे कोठे करायचे हे दुसऱ्याच्या हाती असते. पाठीवरच्या बिऱ्हाडालाही अखेर टेकायला जमीन लागते.

युद्धानंतर समृद्धी आली तसे ट्रेलर लांब आणि जड होत गेले आणि टिअरड्रॉप मागे पडला. १९६० च्या शरदात स्टाइनबेक पुन्हा रस्त्यावर आले, तेव्हा ट्रकवर बसवलेल्या खोलीत त्यांच्यासोबत चार्ली नावाचा कुत्रा होता. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) या पुस्तकात फिरत्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांशी बोलताना, यांना मुळे नसल्याचे दुःख होत नाही काय, असा प्रश्न ते विचारतात. परंतु थँक्सगिव्हिंगचा दिवस ते स्वतः टेक्सासमधील एका संपन्न रँचवरच्या घरात, पत्नीसमवेत काढतात. प्रवासवर्णन म्हणून हा तपशील किरकोळ वाटेल. मला तो महत्त्वाचा वाटतो. मुळांविषयीचा प्रश्न फिरत्या खोलीतून विचारला गेला, तरी सणाला लेखकासाठी एक दार उघडे होते.

लहान ट्रेलरची आवड त्यानंतर दोन वाटांनी परत आली. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये ‘बोलर’ हा तेरा फुटी, फायबरग्लासच्या दोन कवचांचा ट्रेलर निघाला. गोल टोपीसारख्या आकारावरून त्याला हे नाव मिळाले. सांधे कमी, म्हणून गळती कमी. वजन कमी, म्हणून लहान मोटारीलाही ओढता येणारा. दुसरी वाट जुन्या वस्तूंच्या प्रेमाची. मध्यंतरी थंडावलेली टिन कॅन टुरिस्ट्स ही संस्था १९९८ मध्ये जुने ट्रेलर जपणाऱ्यांनी पुन्हा उभी केली.

या मंडळींचा सणाचा हंगाम ऋतूने बांधलेला असतो. उत्तरेत पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून टाक्या रिकाम्या करून ट्रेलर झाकून ठेवावे लागतात. ज्यांना सणाला बाहेर पडायचे ते फ्लॉरिडा, टेक्सासचा किनारा, डेथ व्हॅली, ॲरिझोनाचे वाळवंट अशी दक्षिणेची वाट धरतात. बंद डब्यात दोघांच्या श्वासाने रात्री भिंतींवर दव धरते, म्हणून कडाक्यातही झरोका थोडा उघडा ठेवायचा. आणि ऊब हवी म्हणून आत कोळसा पेटवायचा नाही, कारण त्याचा विषारी वायू जीव घेतो. टर्की भाजायला भट्टी नसते, तेव्हा बिडाचे जड झाकणाचे भांडे उपयोगी येते. बारा इंची भांड्याला साधारण चोवीस निखारे, त्यांतले सोळा झाकणावर आणि आठ तळाशी. खाली-वर निखारे ठेवून भाजण्याची ही युक्ती आपल्या जुन्या स्वयंपाकघरांनाही ठाऊक होती. एवढ्याशा भांड्यात सगळी मेजवानी मावत नाही, म्हणून एकाकडे पक्षी, दुसऱ्याकडे रताळी, तिसऱ्याकडे भोपळ्याची गोड पाय, आणि पंगत सर्वांची एक. चूल बाहेर असल्याने शेजाऱ्यापासून काही लपत नाही. ट्रेलरच्या कडेने दिव्यांच्या माळा लावतात. घर लहान असल्यामुळे सण अंगणात येतो आणि तेथे तो अनोळखी माणसांचाही होतो. हे या परंपरेचे खरे श्रेय आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच वाळवंटात दुसरीही माणसे येतात. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या सरकारी जमिनीवर १९८३ पासून सप्टेंबर ते एप्रिल असा दीर्घ मुक्काम करण्याची व्यवस्था आहे. हिवाळ्यात तेथे सुटीवरचे निवृत्त लोक जसे उतरतात, तसेच २००८ च्या आर्थिक अरिष्टात घर गमावलेलेही उतरू लागले. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ (२०१७) हे पुस्तक आणि क्लोई झाओ यांचा त्यावरचा चित्रपट (२०२०) त्यांच्याविषयी आहे. ॲमेझॉन कंपनीने ‘कॅम्परफोर्स’ नावाने अशा फिरत्या घरांतल्या माणसांना नाताळपूर्वीच्या खरेदीच्या हंगामात गोदामांत कामाला घेण्याची योजना अनेक वर्षे चालवली. १९३९ मध्ये ज्या हंगामासाठी सणाची तारीख हलवली गेली, त्याच हंगामाची पुडकी ही उतारवयातली माणसे बांधत होती. पुस्तकातल्या मध्यवर्ती स्त्रीच्या छोट्या फायबरग्लास ट्रेलरचे नाव आहे ‘स्क्वीझ इन’. सराई आणि अंग चोरून आत शिरणे, असा दुहेरी अर्थ त्यात आहे. ‘टिन कॅन’ची विनोदबुद्धी येथेही शाबूत आहे.

रात्री या तळावर दिव्यांच्या माळा लावलेले दोन ट्रेलर शेजारी उभे असले, तर हौस कोणती आणि गरज कोणती हे बाहेरून ओळखता येणार नाही. मापे तीच, चूल तीच, निखाऱ्यांचा हिशेबही तोच. फरक इतकाच की एकाच्या खिशात दुसऱ्या, मोठ्या दाराची किल्ली असते. छोट्या घराचा आनंद बहुधा त्या किल्लीवर उभा असतो, आणि या हौसेवरच्या लेखनात तिचा उल्लेख क्वचितच येतो. चाइल्ड यांच्या कवितेतली मुले बर्फातून निर्धास्त जाऊ शकतात, कारण वाटेच्या शेवटी आजोबांचे घर आहे हे त्यांना ठाऊक असते. ते घर कवितेतून काढून टाकले तर उरते ती थंडी, घोडा आणि वाट. फिरत्या घरांच्या इतिहासातली बरीच माणसे त्या उरलेल्या कवितेत राहिली आहेत. प्रवासवर्णनांचा इतिहास लिहिताना त्यांचीही नोंद व्हायला हवी.