ल्यूथर बाल्डविनचा विनोद आणि माझा

परवा शनिवारी सकाळी मी एक विनोद डिलीट केला.

विनोद काही फार थोर नव्हता. मार्च २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना एका मुलाखतीत तिसऱ्यांदा अध्यक्ष होण्याबद्दल विचारलं, तेव्हा 'मी गंमत करत नाहीये' असं ते म्हणाले होते. अमेरिकेच्या घटनेतल्या बाविसाव्या दुरुस्तीप्रमाणे दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्षपदी निवडून येता येत नाही, म्हणून ती बातमी गाजली. त्यावर मी फेसबुकवर एवढंच लिहिलं होतं : 'ही बातमी कृपया आमच्या सोसायटीच्या चेअरमनना दाखवू नये. ते सध्या अकराव्या वर्षात आहेत.' तेवीस लाइक्स आले, त्यातला एक सोसायटीच्या सेक्रेटरींचा. संपलं.

तर झालं असं, की पुढच्या महिन्यात माझं व्हिसा स्टॅम्पिंग आहे. डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी वाल्यांनी आपली सोशल मीडिया खाती पब्लिक ठेवायची असा नियम आला. म्हणजे मुलाखतीआधी वकिलातीतलं कोणीतरी तुमचं खातं चाळणार. रूममेट म्हणाला, "कशाला रिस्क घेतोस? काढून टाक." काढून टाकली. तीन सेकंदांचं काम. पण मग दिवसभर काहीतरी टोचत राहिलं. ज्या देशात रोज रात्री टीव्हीवर अध्यक्षांची टर उडवून लोक करोडपती होतात, त्या देशात जायचं म्हणून मी सोसायटीच्या चेअरमनवरचा विनोद पुसत होतो!

ऑफिसमध्ये एखादा बग आला की आपण आधी बघतो, हा पहिल्यांदा कधी दिसला? तसेच लॉग मागे मागे बघत गेलो. शनिवार-रविवार त्यातच गेला. आणि पोचलो कुठे, तर थेट १७९८ सालच्या न्यूअर्कला. हो, तेच न्यू जर्सीतलं न्यूअर्क, जिथे आपली अर्धी आयटी जनता चकल्या-लोणच्यांनी भरलेल्या बॅगा घेऊन उतरते.

तेव्हा अध्यक्ष होते जॉन अॅडम्स. राजधानी फिलाडेल्फियाला होती आणि उन्हाळ्यात ते घरी, मॅसॅच्युसेट्सला निघाले होते. वाटेत न्यूअर्कला त्यांच्या स्वागतासाठी घंटा वाजल्या, तोफांची सलामी झाली. ल्यूथर बाल्डविन नावाचा एक गृहस्थ तिथल्या गुत्त्याच्या आसपास होता आणि साहेबांचं विमान बऱ्यापैकी वर गेलं होतं. शेजारचा एक जण म्हणाला, ते बघ अध्यक्ष चालले आणि मागून तोफा उडवताहेत. त्यावर बाल्डविन म्हणाला, की तोफा त्यांच्या पार्श्वभागातून उडवल्या तरी माझी हरकत नाही. (मूळ शब्द तुम्हाला कळला असेलच.) गुत्त्याच्या मालकाने ते ऐकलं आणि चुगली केली. बाल्डविनवर राजद्रोहाच्या कायद्याखाली खटला भरला. त्याला दंड झाला, आणि दंड भरेपर्यंत कोठडी.

हा कायदा त्याच महिन्यात, जुलै १७९८ मध्ये झाला होता. सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांची बदनामी करणारं खोटं आणि द्वेषमूलक काही लिहिलं, बोललं, छापलं, तर दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. कायदा वाचताना मात्र हसू आल्याशिवाय राहत नाही. कारण संरक्षण मिळालेल्यांच्या यादीत उपाध्यक्ष नाहीत! उपाध्यक्ष होते थॉमस जेफर्सन, म्हणजे विरोधी पक्षाचे नेते. त्यांना हव्या तेवढ्या शिव्या घाला, कायद्याची काही हरकत नाही. शिवाय कायद्यातच एक्स्पायरी डेट घातलेली होती : ३ मार्च १८०१. त्या दिवशी अॅडम्स यांची मुदत संपत होती. उद्या जेफर्सन निवडून आले, तर हेच हत्यार आपल्यावर उलटायला नको! आमच्याकडे असा कोड रिव्ह्यूला आला असता तर मॅनेजरने सुद्धा पकडला असता.

पुढे काय झालं? विरोधी वर्तमानपत्रांनी बाल्डविनची गोष्ट चवीने छापली. एका गुत्त्यापुरता असलेला विनोद गावोगाव पोचला. १८००च्या निवडणुकीत अॅडम्स पडले, जेफर्सन आले, कायदा ठरल्या तारखेला मेला आणि त्याखाली शिक्षा झालेल्यांना जेफर्सन यांनी माफी दिली. म्हणजे शेवट गोड. पण कोठडीत बसलेल्या ल्यूथरला तो तेव्हा माहीत नव्हता, हे लक्षात ठेवा.

तिथून सत्तरेक वर्षं पुढे येऊ. न्यूयॉर्कमध्ये 'टॅमनी हॉल' या डेमोक्रॅटिक पक्षाच्या टोळीचं राज्य होतं आणि टोळीचा मुखिया होता विल्यम ट्वीड. अगडबंब माणूस, आणि खाणं (दोन्ही अर्थांनी) त्याच मापाचं. अडीच लाख डॉलरच्या अंदाजाने सुरू झालेलं कोर्टाचं बांधकाम एक कोटीच्या वर गेलं. पुण्या-मुंबईच्या वाचकाला यापुढचं समजावून सांगायची गरज नाही.

'हार्पर्स वीकली' नावाच्या साप्ताहिकात थॉमस नास्ट हा व्यंगचित्रकार होता. त्याने ट्वीडच्या मागे ससेमिरा लावला. पैशांच्या थैलीचं डोकं असलेला ट्वीड, भलंमोठं पोट, सदऱ्यावर चमकणारा हिरा. ट्वीड वैतागून म्हणाला होता असं सांगतात, की पेपरात काय लिहितात त्याची मला पर्वा नाही, माझ्या मतदारांना वाचता येत नाही, पण ती चित्रं थांबवा, चित्रं त्यांना दिसतात! 'कलेच्या अभ्यासासाठी युरोपला जा' म्हणून नास्टला एक लाख डॉलर देऊ केले आणि नास्ट गमतीने ती रक्कम पाच लाखांपर्यंत चढवत गेला, अशी हकिकत त्याच्या चरित्रकाराने दिली आहे. नास्ट गेला नाही. १८७१ च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हिशेबाचे आकडे छापले, नोव्हेंबरच्या निवडणुकीत टॅमनीचा धुव्वा उडाला, आणि नंतर ट्वीड तुरुंगात गेला. १८७५ मध्ये तो पळाला, क्युबामार्गे स्पेनला पोचला. तिथे तो ओळखला गेला, तो नास्टच्याच एका चित्रावरून असं सांगतात! १८७८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या तुरुंगातच मेला.

इथे टाळ्या वाजवून थांबायचा मोह होतो. पण याच नास्टचं सप्टेंबर १८७१ चं एक गाजलेलं चित्र आहे, त्याचं नाव 'द अमेरिकन रिव्हर गॅन्जेस'. अमेरिकेची गंगा. नदीतून मगरी किनाऱ्यावर येताहेत आणि घाबरलेली शाळकरी मुलं मागे सरताहेत. नीट पाहिलं तर मगरी म्हणजे कॅथलिक बिशप आहेत, त्यांच्या उंच टोप्या म्हणजे मगरींचे जबडे. गंगा का? तर हिंदू बायका आपली मुलं गंगेत मगरींपुढे टाकतात, अशा मिशनऱ्यांनी पसरवलेल्या गोष्टी तेव्हा अमेरिकेत घरोघरी माहीत होत्या. एका चित्रात नव्याने आलेल्या कॅथलिकांची बदनामी, आणि जाता जाता आपलीही! आयरिश लोकांचे चेहरे तर नास्ट माकडासारखेच काढायचा. (चिनी मजुरांची बाजू घेणारी चित्रंही त्याचीच, हेही सांगायला हवं.) तर विनोद म्हणजे नेहमी गरिबाच्या हातातली गोफण असते, असं काही नाही. तोच दगड बोटीतून कालच उतरलेल्या माणसालाही लागतो.

विसाव्या शतकात नेते शहाणे झाले. विनोदाशी भांडण्यापेक्षा त्याच्या मांडीला मांडी लावून बसावं, हे त्यांना कळलं. १९६८ च्या निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांची प्रतिमा एरंडेल प्यायलेल्या माणसाची होती. सप्टेंबरात ते 'लाफ-इन' या टीव्हीवरच्या तुफान लोकप्रिय विनोदी कार्यक्रमात काही सेकंद दिसले. त्या कार्यक्रमात 'सॉक इट टू मी' म्हणणाऱ्याच्या अंगावर बादलीभर पाणी पडायचं, असली काहीतरी फजिती व्हायची. निक्सननी ते वाक्य प्रश्न विचारल्यासारखं म्हटलं आणि गेले. त्यांच्यावर पाणी पडलं नाही. कार्यक्रमाचा एक लेखक त्यांचा मित्रच होता. प्रतिस्पर्धी ह्यूबर्ट हम्फ्रींनाही बोलावणं होतं, ते गेले नाहीत. निवडणूक निक्सन अगदी थोडक्यात जिंकले. त्या काही सेकंदांमुळे जिंकले असं कोणी सिद्ध करू शकणार नाही, पण तेव्हापासून विनोदी कार्यक्रमाचं आमंत्रण नाकारताना उमेदवार दहादा विचार करतो.

रोनाल्ड रेगन तर या कलेतले उस्ताद. १९८४ मध्ये ते ७३ वर्षांचे होते आणि वय झालं अशी कुजबुज होती. वादविवादात त्यावर प्रश्न आला. ते म्हणाले, की या निवडणुकीत मी वयाचा मुद्दा करणार नाही, माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही! सगळे हसले. ५६ वर्षांचे प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेलही हसले, आणि त्याच क्षणी आपण हरलो हे कळलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. रेगननी ५० पैकी ४९ राज्यं घेतली. पण त्याआधी दोनच महिने, ऑगस्टमध्ये, रेडिओ भाषणाआधी माइक तपासताना याच रेगननी 'रशियाला कायमचं बेकायदा ठरवलंय, पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू करतोय' असा विनोद केला होता. तो बाहेर फुटला आणि मॉस्कोत कोणाला हसू आलं नाही. बाल्डविनच्या हातात तोफ नव्हती. रेगनच्या हातात होती.

आता कायद्याकडे परत. १९८३ मध्ये 'हसलर' या अश्लील मासिकाने जेरी फॉलवेल या बड्या धर्मोपदेशकावर एक विडंबन छापलं. ते इतकं घाणेरडं, की इथे सांगता येत नाही. फॉलवेलना ज्यूरीने दोन लाख डॉलरची भरपाई दिली. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती एकमताने रद्द केली. निकाल लिहिला सरन्यायाधीश विल्यम रेन्क्विस्ट यांनी, आणि ते काही उदारमतवादी वगैरे नव्हते, चांगले कर्मठ होते. त्या निकालात त्यांनी नास्टची आणि त्याच्या ट्वीडवरच्या चित्रांची आठवण काढली. बोचणं हाच व्यंगचित्राचा धर्म, ते काढलं तर देशाची सार्वजनिक चर्चाच गरीब होईल, असा साधारण आशय. १७९८ ते १९८८. बग फिक्स व्हायला १९० वर्षं लागली म्हणायची :)

आणि फिक्स तरी झाला का? २००६ च्या वार्ताहरांच्या मेजवानीत स्टीफन कोलबेरने अध्यक्ष बुश यांना, ते हाताच्या अंतरावर बसलेले असताना, पंधरा-वीस मिनिटं सोलून काढलं. कोणी अटक केली नाही. पण जुलै २०२५ मध्ये त्याच कोलबेरचा 'लेट शो' मे २०२६ मध्ये बंद करण्याची घोषणा चॅनेलने केली. कारण निव्वळ आर्थिक, असं चॅनेलचं म्हणणं. त्याआधी थोडेच दिवस कोलबेरने चॅनेलच्या मालक कंपनीने ट्रम्प यांच्याशी केलेल्या तडजोडीवर आसूड ओढला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जिमी किमेलचा कार्यक्रम थांबला, आणि त्याआधी प्रसारणावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी आयोगाच्या अध्यक्षांनी जाहीर दम भरला होता. लोकांनी आरडाओरडा केला आणि आठवड्याच्या आत किमेल परत आला.

किमेल परत आला याचा मला खरंच आनंद झाला. पण मला वाटतं, आपण चुकीच्या माणसाकडे बघून माप घेतो. किमेलच्या मागे वकील असतात, लाखो प्रेक्षक असतात. एखाद्या देशात विनोदाला किती जागा आहे, हे टीव्हीवरच्या विनोदवीरावरून कळत नाही. ते गुत्त्याबाहेरच्या ल्यूथरवरून कळतं, ज्याच्या मागे कोणी नाही. ज्याला मत आहे आणि ज्याला नाही, ज्याच्याकडे पासपोर्ट आहे आणि ज्याच्याकडे नुसता शिक्का आहे, त्यांनी केलेला एकच विनोद एकाच वजनाचा नसतो. (आपण फार हुरळून जाऊ नये. २०१२ मध्ये मुंबईत असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झालीच होती.)

व्हिसा हा माझा हक्क नाही, हे मलाही कळतं. कोणाला घरात घ्यायचं ते घरमालक ठरवणार. आणि मला कोणी पोस्ट काढायला सांगितलं नव्हतं, हेही खरं. कदाचित वकिलातीतल्या माणसाने ती वाचून गूगलवर 'चेअरमन' शोधलं असतं आणि हसून पुढे गेला असता. पण गुत्त्याचा मालक लागलाच नाही. माझी चुगली मीच केली. १७९८ च्या कायद्याला खटला भरावा लागला होता, इथे एका मिनिटात काम झालं.

कालची गोष्ट. लिफ्टमध्ये आमचे चेअरमन भेटले. म्हणाले, "अरे, तुझी ती पोस्ट कुठे गेली? माझ्या साडूला दाखवणार होतो." मी म्हटलं, "काका, व्हिसा आहे पुढच्या महिन्यात." ते मनापासून हसले. "मग आल्यावर टाक परत. मी काय, इथेच आहे."

असणारच. बारावं वर्ष एप्रिलपासून.